मदतीचे पैसे आणि कागदावरचे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे, असा निरोप कार्यवाहांकडून आला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून आपण विद्वानांना ऐकले आहे, कीर्तनकारांना ऐकले आहे. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या नोकरीतले हिशेबनीस. पदवी बी. ए. ची, तीही बेताच्या गुणांनी मिळविलेली. उभा जन्म दुसऱ्यांची देयके तपासण्यात गेला. परंतु कार्यवाहांनी आमचा नकार मानला नाही. ते म्हणाले, "साहेब, हिशेबाचेच बोला. हिशेब मराठी माणसाला कळतो." त्यांच्या आग्रहाखातर आज आपणांसमोर उभे आहोत. हिशेबाचेच बोलणार आहोत; मात्र या हिशेबात शेवटी एक रक्कम आमच्या स्वतःच्या नावे खर्ची पडते, ती लपविणार नाही.

विषय आहे महामारीच्या काळात शेतकऱ्याला सरकारकडून मिळालेल्या पैशांचा.

२०२० सालचा मार्च महिना आपणांपैकी कोणी विसरला असेल असे वाटत नाही. महिन्याच्या आरंभी याच जयपूर शहरात एका इटालियन प्रवाशाला करोनाची बाधा झाल्याचे उघड झाले. पुढे भीलवाड्यात संचारबंदी लागली, २२ मार्चपासून राजस्थानात टाळेबंदी आली आणि २५ मार्चला संपूर्ण देश बंद झाला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. मंडळात एकत्र जमून गुढी उभारण्याचा आपला परिपाठ त्या वर्षी मोडला. ज्याने त्याने आपल्या सज्जात गुढी उभारली आणि कडुनिंबाची पाने कोठून आणावी, यावर दूरध्वनीवरून चर्चा केली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २६ मार्चला, केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांसाठीचे कलम असे होते की, पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच ८ कोटी ६९ लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा होईल.

हिशेबनिसाच्या सवयीने येथे एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. हे पैसे नवे नव्हते. ही योजना फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अंदाजपत्रकात जाहीर झाली. वर्षाला ६,००० रुपये, चार-चार महिन्यांनी २,००० चे तीन हप्ते. एप्रिल ते जुलै या कालखंडाचा हप्ता द्यावयाचाच होता. तो पहिल्या पंधरवड्यात दिला गेला, इतकेच. परंतु 'इतकेच' म्हणून हा मुद्दा मोडीत काढणेही अन्यायाचे होईल. भुकेल्याला जेवण वेळेवर मिळणे, हेदेखील अर्धे जेवणच असते. ज्या एप्रिलमध्ये बाजार समित्या बंद होत्या, मालाला वाहन मिळत नव्हते, त्या एप्रिलमध्ये आलेले दोन हजार आणि एरवी जुलैत येणारे दोन हजार यांची किंमत सारखी नाही.

मग त्या दोन हजारांची किंमत किती होती? रोजगार हमीच्या मजुरीचा दर त्या वर्षी राजस्थानात दिवसाला २२० रुपये व महाराष्ट्रात २३८ रुपये होता. म्हणजे ही रक्कम राजस्थानातील मजुराच्या नऊ दिवसांच्या मजुरीएवढी. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला सुमारे २६७ रुपये पडत. म्हणजे सात गोण्या. श्रीमंत होण्याजोगे यात काही नव्हते, परंतु पेरणीपूर्वी सावकाराच्या किंवा कृषिसेवा केंद्राच्या दारात उभे राहण्याची पाळी एका खेपेपुरती टळावी, एवढे निश्चित होते.

हे पैसे वाटले कसे गेले, हेही पाहण्यासारखे होते. मध्ये कोणी कारकून नाही, पाकीट नाही, अंगठ्याच्या वहीचा ढीग नाही. दिल्लीत आज्ञा सुटली की आधार क्रमांकाला जोडलेल्या खात्यात रक्कम पडे. काढण्यासाठी मात्र माणसाला बँकेत जावेच लागे. महिलांच्या जनधन खात्यांत याच सुमारास महिना ५०० रुपये जमा होऊ लागले. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक पाहून दिवस नेमून दिले होते. शून्य व एकवाल्यांनी ३ एप्रिलला यावे, दोन व तीनवाल्यांनी ४ ला, असा तो क्रम. रस्त्यावर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत ओढणीचा पदर नाकावर ओढून बायका उभ्या आहेत, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले. कित्येक गावांत पोस्टमन अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी जाऊन पैसे देत होता. ज्या खात्यांना आपण वर्षानुवर्षे दिरंगाईबद्दल नावे ठेवतो, त्यांतील माणसांनी त्या दिवसांत जिवाची पर्वा केली नाही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आता थोडे मागे वळून पाहू. संकटात रयतेला हात देण्याचा राजाचा धर्म आपल्याकडे जुना आहे. बदलत गेली ती हात देण्याची रीत. आपण जेथे संध्याकाळी फिरावयास जातो ते रामनिवास बाग सवाई रामसिंह महाराजांनी १८६८ च्या सुमारास दुष्काळी कामातून उभारले. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा १९२९ साली सुरू झाला, तोही दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छपन्या' दुष्काळ तर या प्रांताच्या बोलीतच जाऊन बसला आहे. इंग्रजी अंमलात १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वये तगाई देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला तो 'तगाई' शब्द. पण तगाई म्हणजे देणगी नव्हे, कर्ज. ते फेडावे लागे आणि थकले तर जमिनीवर चढे.

आमचा जन्म महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागेचा, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातला. त्यामुळे तो दुष्काळ आम्ही पाहिला नाही, आईच्या तोंडून ऐकला. आईने त्या उन्हाळ्यात खडी फोडली, वडिलांनी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर तांबडा मिलो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमी योजना उभी राहिली व पुढे तिचा कायदा झाला. त्याच विचाराचा देशव्यापी कायदा २००५ मध्ये आला. योगायोग असा की, जून २०२० मध्ये राजस्थानात रोजगार हमीच्या कामांवर येणाऱ्यांची संख्याही पन्नास लाखांच्या घरात गेली. सत्तेचाळीस वर्षांनी, शेकडो कोसांवर, तीच टोपली आणि तीच कुदळ.

आई एक गोष्ट नेहमी सांगे. कामावर हजेरी घेणारा कारकून कोणाचीही जमीन विचारीत नसे. उभा राहील त्याचे नाव हजेरीपटावर चढे. दोन एकरवाला आणि भूमिहीन, दोघेही एकाच रांगेत. तिच्या लेखी त्या भयंकर वर्षातली ती एक चांगली गोष्ट होती.

आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. जुनी मदत देहाला मिळे. माणूस उन्हात येऊन उभा राही, सरकार त्याला मोजी. त्यात हाल होते, अपमान होता, म्हातारे-आजारी मागे पडत. ती रीत परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नवी मदत नावाला मिळते. घरबसल्या, मानाने, कोणापुढे हात न पसरता. पण त्यासाठी नाव असावे लागते, आणि ते योग्य त्या कागदावर असावे लागते.

किती जणांचे नव्हते? योजना सर्व खातेदारांना खुली झाली तेव्हा लाभार्थी साडेचौदा कोटींच्या आसपास असतील असा सरकारचाच अंदाज होता. एप्रिल २०२० च्या हप्त्याचा आकडा ८ कोटी ६९ लाख. या फरकात पश्चिम बंगाल आहे, ते राज्य २०२१ मध्ये योजनेत आले. अपात्र ठरणारेही आहेत: प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, दहा हजार वा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील इत्यादी. परंतु ते सर्व वजा केले तरी मागे उरतात ते कोण? ज्यांच्या आधारवरील नावाचे व खात्यावरील नावाचे स्पेलिंग जुळत नव्हते ते. ज्यांची जमीन अजून मृत बापाच्या किंवा आजोबाच्या नावे आहे ते. आणि ज्यांच्या नावे जमीनच नाही, पण जे ती कसतात ते.

या शेवटच्या वर्गातला एक माणूस आपल्या कॉलनीच्या दाराशी येत असे. बस्सी भागातला टोमॅटो जयपूरकरांना परिचित आहे. मुहाना मंडीत माल न्यावयाची सोय राहिली नाही तेव्हा हा गृहस्थ मोटारसायकलला दोन्ही बाजूंना क्रेट बांधून घरोघर टोमॅटो विकू लागला. आम्ही सहज विचारले, "दो हजार आये?" तो हसला. जमीन दुसऱ्याची, हा बटाईने करणार. बियाणे-पाण्याचा खर्च वाटून, पीक अर्धे-अर्धे. जमाबंदीत नाव मालकाचे, पैसे मालकाच्या खात्यात. "फसल आधी मेरी, नुकसान आधा मेरा, पर सरकार की नजर में किसान वो है," असे तो म्हणाला, आणि सुटे पैसे मोजून निघून गेला. २५ मे रोजी टोळधाड जयपूर शहरावरून गेली, गच्च्यांवर थाळ्या वाजवून आपण ती हाकलली, तेव्हा आम्हांला त्याच्या अर्ध्या पिकाची आठवण झाली.

अमेरिकेने त्याच एप्रिलमध्ये आपल्या शेतकऱ्यांसाठी १९ अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातील १६ अब्ज थेट देण्यासाठी होते आणि कोणत्या मालाचे भाव किती कोसळले ते पाहून ते दिले जाणार होते. ज्याचे नुकसान मोठे त्याला अधिक. म्हणजे ओघानेच ज्याचे शेत मोठे त्याला अधिक. आपल्याकडे अर्धा एकरवाल्यालाही दोन हजार आणि वीस एकरवाल्यालाही दोन हजार. यात आपली रीत आम्हांला अधिक न्यायाची वाटते. मात्र नुकसान किती झाले, हा प्रश्न आपण विचारलाच नाही, हेही खरे.

उलट बाजूचा हिशेबही सांगितला पाहिजे. जुलै २०२१ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांच्या खात्यांत सुमारे ३,००० कोटी रुपये गेले होते. पुढे ते परत मागण्यात आले. त्यांत प्राप्तिकर भरणारे पुष्कळ होते. म्हणजे आमच्यासारखे पांढरपेशे, ज्यांना अर्ज कसा भरावा हे ठाऊक असते. ज्यांना गरज होती त्यांना कागद जमला नाही, आणि ज्यांना कागद जमला त्यांतल्या कित्येकांना गरज नव्हती.

आता आमच्या स्वतःच्या नावची रक्कम.

गावी आमची अडीच एकर जमीन आहे. ती आमचा धाकटा भाऊ व त्याची पत्नी कसतात. वडील २०११ मध्ये वारले. रीतीप्रमाणे त्यानंतर वारस नोंद व्हावयास हवी होती. भावाने २०१४ मध्ये कागद तयार करून जयपूरला पाठविले. आम्ही त्याला कळविले की, वारस नोंद आणि वाटणी दोन्ही एकदमच करू, आम्ही रजेवर येतो तेव्हा. त्यानंतर आम्ही सहा वेळा रजेवर गेलो. एकदा लग्न, एकदा तीर्थयात्रा, एकदा दुसरेच काही. कागद आमच्या टेबलाच्या खणात राहिले. ज्या हाताने आम्ही कनिष्ठांच्या दिरंगाईवर शेरे लिहितो, त्याच हाताने तो खण रोज उघडीत होतो. केवळ आळस होता असे म्हटले तर ते पूर्ण खरे होणार नाही. वाटणीची रेघ एकदा पडली की गावचे घर 'आपले' राहणार नाही, अशी एक मुकी भीती मनात होती. शेत तो कसत होता आणि भीती आम्ही बाळगीत होतो.

एप्रिल २०२० मध्ये भावाचा अर्धा एकर टोमॅटो तोडणीला आला होता. बाजार बंद. त्याने अखेर त्यात गुरे सोडली. आम्ही येथे घरात सुरक्षित होतो, वेतन एक तारखेला जमा होत होते. महागाई भत्ता गोठविला म्हणून सहकाऱ्यांशी दूरध्वनीवर कुरकूर चालली होती. एका संध्याकाळी भावाला विचारले, "पैसे आले का रे सरकारचे?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गावात समद्यांचं आलं, दादा. माझं नाव कुठाय सातबाऱ्यावर? कागदावर मी शेतकरीच न्हाई."

तक्रारीचा एक शब्दही त्याच्या बोलण्यात नव्हता. तोच आम्हांला सहन झाला नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या खात्यावर दहा हजार पाठविले. त्याने लगेच फोन केला. "पैसे मिळाले, दादा. पर तुम्ही कशाला पाठवलं? ते तुमचं हायेत. ते दोन हजार माझ्या नावचं आलं असतं."

मंडळी, आम्ही हजारो देयके तपासली आहेत. दहा हजारांपेक्षा दोन हजार मोठे असतात, हा हिशेब त्या दिवशी प्रथमच कळला.

त्याच वर्षी दिवाळीत आम्ही गावी गेलो. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, बहिणीचे व आमचे कागद, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, मंडल अधिकाऱ्यांची सही. नऊ वर्षे रखडलेले काम दीड महिन्यात झाले. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने जमीन घेतलेल्यास हा लाभ नाही, परंतु वारसाहक्काने नाव लागलेल्यास मिळतो. त्याप्रमाणे पुढच्या वर्षी भावाच्या खात्यात पहिला हप्ता पडला. पण एक गोष्ट भरून निघण्याजोगी नाही. आई २०१७ मध्ये गेली. वडिलांमागे वारस म्हणून तिचे नाव त्या उताऱ्यावर लागावयास हवे होते. एक दिवसही लागले नाही. जिने त्या जमिनीसाठी खडी फोडली, ती सरकारी कागदात कधी शेतकरी झालीच नाही.

ती एकटी नव्हती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर वहितीधारकांत स्त्रिया चौदाच्या आसपास होत्या. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, पत्नीचे नाव जमिनीला लावा असे नवऱ्यांना गावोगाव सांगितले. ते काम अजून संपलेले नाही. आमच्या भावाने मात्र आपल्या हिश्शावर पत्नीचे नाव लावण्यासाठी अर्ज केला. तो आम्ही सांगितल्यावरून केला नाही, हे मुद्दाम सांगतो.

या राजस्थानच्या भूमीकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९९४ च्या अखेरीस मजदूर किसान शक्ती संघटनेने येथील खेड्यांत जनसुनावण्या सुरू केल्या. सरकारी हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले जात. मेलेल्यांची नावे निघत, न झालेल्या कामांची मजुरी निघे. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले, आणि त्या वाटेने पुढे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला. कागद मोठ्याने वाचला की त्यातील खोटे जसे उघडे पडते, तसेच त्यातून गळलेले नावही उघडे पडते. मदतीच्या याद्या जर चावडीवर वर्षातून एकदा वाचल्या, "कोण आहे" याबरोबर "कोण राहिला" हेही विचारले, तर यंत्राला जे दिसत नाही ते गावाला दिसेल. बटाईदार कोण आणि मालक कोण, हे दिल्लीला ठाऊक नसेल; पारावरच्या म्हाताऱ्याला ठाऊक असते.

सरकारने काय करावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. सेवेत असेतो तो नियमही नाही. मंडळाने काय करावे, एवढे मात्र सांगू शकतो. या सभागृहात बसलेल्या निम्म्या कुटुंबांची तरी गावी थोडीबहुत जमीन असेल. त्यांपैकी किती जणांच्या सातबाऱ्यावर आजही वडिलांचे वा आजोबांचे नाव आहे? हात वर करू नका. घरी जाऊन उतारा पाहा. आता तो संगणकावर दिसतो. आपण परमुलखात स्थिरावलो, वेतन, घर, निवृत्तिवेतन, सर्व आपल्या नावे झाले. मागे जो भाऊ, जी वहिनी, जी विधवा काकू ती जमीन राखून बसली आहे, तिच्या नावाआड आपली एक सही उभी असेल. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने दोन-तीन जाणकार सभासदांची एक छोटी समिती करावी. वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, टपाल, यांत ज्याला अडचण असेल त्याला तिने मदत करावी. खर्च नगण्य आहे. त्या समितीत काम करण्यास आम्ही तयार आहोत. निवृत्तीला आता फार दिवस उरले नाहीत आणि कागदांची सवय जाणारी नाही.

आमच्या टेबलाचा तो खण आता रिकामा आहे. आपलाही एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.